घशात नळी कधी? घाई, उशीर आणि आपली सही

आयसीयूबाहेरचा तो बाकडा आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. घरून आलेला डबा तसाच बंद असतो. मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते. तेवढ्यात आतून कोणीतरी येऊन सांगते, "पेशंट अजून मशीनवर आहे. घशाला छिद्र करून नळी घालावी लागेल. इथे सही करा."

मग बाकड्यावरच दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "गळा कापला की माणूस संपला. सही करू नका." दुसरा म्हणतो, "मग इतके दिवस काय करत होते? आधीच का नाही केलं?" सही कोणी करायची यावरून भावाभावांत बोलणे बंद झालेलेही आम्ही पाहिले आहे.

आम्ही बरीच वर्षे आयसीयूत नर्स म्हणून काम केले. आता वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेतो. अशाच एका बैठकीनंतर एक ताई मागे थांबल्या. त्यांचे पती फुप्फुसाच्या आजाराने आधी व्हेंटिलेटरवर आणि मग एक्मोवर होते. ताईंनी हळू आवाजात विचारले, "मी चार दिवस सही दिली नव्हती. म्हणून ते गेले का हो?" पतीला जाऊन तीन वर्षे झाली होती. हा प्रश्न त्या तीन वर्षे एकट्याच उराशी धरून होत्या.

या वेळचा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

ही नळी म्हणजे काय?

माणसाला स्वतःचा श्वास पुरेनासा झाला की डॉक्टर तोंडातून एक नळी श्वासनलिकेत सरकवतात आणि ती व्हेंटिलेटरला जोडतात. ही नळी स्वरयंत्राच्या मधून जाते. म्हणून रुग्णाला बोलता येत नाही, गिळता येत नाही, आणि घशात सतत काहीतरी अडकल्यासारखे वाटते. ते सहन व्हावे म्हणून गुंगीचे औषध द्यावे लागते. नळी बरेच दिवस राहिली तर ओठाला, जिभेला आणि स्वरयंत्राला इजा होऊ शकते. तोंड नीट साफ करता येत नाही.

ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे त्याच हवेचा दुसरा रस्ता. कंठमण्याच्या खाली, मानेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला छोटे छिद्र करून तिथून आखूड नळी बसवतात. यात गळा कापत नाहीत. अन्ननलिकेला आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना हात लावायचा नसतो. बऱ्याचदा रुग्णाला ऑपरेशन थिएटरात न्यावेही लागत नाही. खाटेवरच आधी सुई, मग बारीक तार घालतात, मग छिद्र हळूहळू रुंद करून नळी सरकवतात. आतून दुर्बिणीने पाहत राहतात.

याचा फायदा काय? तोंड मोकळे होते. गुंगीचे औषध कमी करता येते. रुग्ण जागा राहतो, नातेवाइकाला ओळखतो, मान हलवून होकार-नकार देतो. बेडका ओढून काढणे सोपे होते. उठवून बसवता येते. व्हेंटिलेटर थोडा थोडा वेळ काढून पाहता येतो.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छिद्र केल्याने आजार बरा होत नाही. फुप्फुस किंवा हृदय बरे व्हायचे ते त्याच्या उपचाराने आणि त्याच्या वेळेने. नळी त्या वाट पाहण्याच्या काळात रुग्णाचे हाल कमी करते, एवढेच तिचे काम.

छिद्र म्हणजे शेवट नव्हे

"घशाला छिद्र म्हणजे शेवटची पायरी" हा समज आपल्याकडे खोल बसला आहे. खरे तर आजच्या आयसीयूची सुरुवातच या छिद्रापासून झाली.

१९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसे गुदमरत होती. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत मशीनची मदत द्यावी लागलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या घशाला छिद्र करवून घेतले, तिथून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. त्यानंतर शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. यातूनच पुढे आयसीयू उभे राहिले.

मग लवकर करावे की थांबावे?

पूर्वी अनेक डॉक्टरांनाही वाटायचे की लवकर छिद्र केले तर जास्त माणसे वाचतील. पण वाटणे वेगळे आणि तपासणे वेगळे. म्हणून ब्रिटनमध्ये ७२ आयसीयूंमध्ये मोठा अभ्यास झाला. त्याचे नाव ट्रॅकमॅन, निष्कर्ष २०१३ साली छापून आले. ९०९ रुग्ण होते. कोणाला कोणत्या गटात घालायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही. एका गटाला पहिल्या ४ दिवसांत छिद्र. दुसऱ्या गटात १० दिवस थांबायचे आणि त्यानंतरही गरज असेल तरच करायचे.

३० दिवसांनी पाहिले, तर दोन्ही गटांत शंभरापैकी साधारण ३१ रुग्ण दगावले होते. लवकर केले म्हणून जास्त वाचले नाहीत. थांबले म्हणून जास्त गेले नाहीत.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना शेवटी छिद्र करावेच लागले नाही. काही जण तोपर्यंत बरे होऊन त्यांची नळी निघाली, काही जण आजारानेच गेले. म्हणजे बाराव्या दिवशी कोणाला नळी लागेल, हे चौथ्या दिवशी निष्णात डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही.

मग लवकर करण्यात काहीच फायदा नाही का? आहे. पॅरिसमध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर अडकलेल्या २१६ रुग्णांचा अभ्यास २०११ साली आला. तिथेही जगण्या-मरण्यात फरक दिसला नाही. पण लवकर छिद्र केलेल्यांना गुंगीचे औषध कमी लागले, त्यांचे हाल कमी झाले, त्यांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवणे लवकर जमले. आम्ही खाटेशेजारी उभे राहून हा फरक पाहिला आहे. काल हात बांधून ठेवावा लागलेला रुग्ण आज डोळे उघडून बायकोकडे पाहतो, ही गोष्ट छोटी नाही.

थोडक्यात, वेळेचा प्रश्न बहुतेक वेळा जीव जाण्याचा नसतो. तो हाल कमी होण्याचा आणि नको ते ऑपरेशन टळण्याचा असतो. ठरलेली तारीख अशी नाही. सातवा दिवस किंवा दहावा दिवस उजाडला म्हणून केलेच पाहिजे, असा नियम नाही.

एक्मो असेल तर हिशोब बदलतो

एक्मो म्हणजे शरीराबाहेरचे हृदय-फुप्फुस. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेतून जाड नळीने रक्त बाहेर काढतात. पंप ते एका पडद्यातून फिरवतो. तिथे रक्तात प्राणवायू मिसळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि लाल झालेले रक्त परत शरीरात जाते. फक्त फुप्फुस निकामी असेल तर रक्त शिरेतच परत देतात. हृदयही थकले असेल तर ते धमनीत देतात, म्हणजे दोघांचेही काम मशीन करते.

रक्त प्लास्टिकच्या नळ्यांमधून फिरले की गोठू पाहते. म्हणून हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असते. शिवाय मशीनमधून फिरताना रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. प्लेटलेट म्हणजे जखमेवर रक्त थांबवणारे कण. एकीकडे औषधाने रक्त पातळ, दुसरीकडे थांबवणारे कण कमी. अशा माणसाच्या गळ्याला छिद्र करायचे म्हणजे रक्तस्रावाची भीती नेहमीपेक्षा जास्त.

म्हणून एक्मोवर छिद्र करण्याआधी टीम बरीच तयारी करते. प्लेटलेट मोजतात, कमी असतील तर चढवतात. हेपॅरिन काही वेळ थांबवतात. पण ते फार वेळ थांबवले तर मशीनमध्ये रक्ताच्या गाठी होऊ शकतात. दोन्हींच्या मधली वेळ साधावी लागते. अनुभवी हातांनी हे सुरक्षित करता येते. जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक्मोवरच्या ११८ रुग्णांचा अनुभव २०१३ साली मांडला. खाटेवरच छिद्र केलेल्या या रुग्णांत साधारण तिघांमागे एकाला थोडा रक्तस्राव झाला. मोठा रक्तस्राव शंभरात दोघांहून कमी जणांना झाला. म्हणजे धोका आहे, पण "एक्मोवर हात लावला की गेला" हेही खरे नाही.

ज्यात फक्त फुप्फुसाचा प्रश्न आहे, त्या एक्मोचा एक फायदाही आहे. छिद्र करताना व्हेंटिलेटरची हवा थोडा वेळ कमी पडते. साध्या रुग्णात तो क्षण कठीण असतो. एक्मोवर त्या वेळातही मशीन रक्तात प्राणवायू घालत राहते.

म्हणून एक्मोच्या रुग्णात एक टीम म्हणते, "काही दिवसांत मशीन निघेल असं दिसतंय, हेपॅरिन बंद झालं की मगच नळीचं पाहू." दुसरी म्हणते, "अजून बरेच दिवस लागणार, आताच छिद्र करून जागं करू, व्यायाम सुरू करू." काही रुग्णांची तर एक्मो चालू असतानाच तोंडातली नळी काढता येते आणि छिद्राची गरजच पडत नाही. दोन रुग्णालयांत दोन वेगळी उत्तरे मिळाली म्हणून कोणीतरी फसवत आहे, असे लगेच समजू नका. ट्रॅकमॅनचे आकडे साध्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे आहेत. ते एक्मोला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे रोजच्या रोज रुग्ण पाहूनच ठरवावे लागते.

"आता करू" आणि "थोडे थांबू" याची कारणे

आता करण्याकडे कल कधी असतो?

- मानेच्या मणक्याला मार लागला आहे, किंवा नसांच्या आजाराने श्वासाचे स्नायू लुळे पडले आहेत, आणि व्हेंटिलेटर बरेच आठवडे लागणार हे उघड आहे.
- तोंडातली नळी काढून पाहिली आणि परत घालावी लागली.
- गुंगी कमी केली की रुग्ण तडफडतो, नळी ओढतो.
- रक्तदाब आणि प्लेटलेट ठीक आहेत, कुठे रक्तस्राव नाही.

थांबण्याकडे कल कधी असतो?

- रुग्ण सुधारतो आहे आणि एक-दोन दिवसांत नळी काढून पाहायची आहे.
- प्लेटलेट फार कमी आहेत, किंवा आधीच कुठून तरी रक्त येत आहे.
- व्हेंटिलेटरवर प्राणवायू आणि दाब खूप जास्त लागतो आहे.
- मानेच्या त्या जागी जंतुसंसर्ग आहे.
- आजाराचे पुढे काय होणार हेच अजून स्पष्ट नाही, आणि आधी त्यावर घरच्यांशी बोलणे गरजेचे आहे.

२०२० साली कोविडच्या पहिल्या लाटेत आणखी एक कारण होते. छिद्र करताना विषाणू हवेत उडून डॉक्टर-नर्सना लागण होण्याची भीती होती. म्हणून तेव्हा अनेक ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त दिवस थांबायचे ठरले. त्या काळात ज्यांच्या घरी "इतका उशीर का केला" हा सल राहिला आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

सही करण्याआधी विचारा

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. काय करणार, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे समजावून सांगितल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. रुग्ण शुद्धीवर असेल तर पहिला हक्क त्याचाच. जीव वाचवण्याची अगदी तातडीची वेळ असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण आपण बोलतो आहोत ती ट्रॅकिऑस्टॉमी बहुतेक वेळा ठरवून केलेली असते. म्हणजे प्रश्न विचारायला वेळ असतो. हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. आजच का? दोन-तीन दिवस थांबलो तर काय बिघडेल?
२. नळी आपोआप निघण्याची शक्यता किती वाटते?
३. आजची प्लेटलेट किती? रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, आणि ते कधी थांबवणार?
४. खाटेवर करणार की थिएटरात? कोण करणार?
५. एक्मो आणखी किती दिवस लागेल असा अंदाज आहे?
६. रक्त किंवा प्लेटलेट लागतील का? आम्ही दाते आणायचे का?
७. छिद्र केल्यानंतर पुढचा टप्पा काय? रुग्ण बरा होईल अशी आशा किती?

सातवा प्रश्न अवघड आहे, पण तो टाळू नका. कधी कधी प्रामाणिक उत्तर असे असते की नळीने दिवस वाढतील, माणूस परत येणार नाही. ते ऐकण्याचाही आपल्याला हक्क आहे.

घरातून एकच माणूस ठरवा जो रोज डॉक्टरांशी बोलेल आणि वहीत लिहील. दहा जणांनी दहा वेळा विचारले की दहा उत्तरे घरी येतात आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. कळत नसेल तर "मराठीत सांगा, पुन्हा सांगा" म्हणायला लाजू नका. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते. रुग्णाच्या कागदपत्रांची मागणी केली की ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

एक्मोचा खर्च लाखांत जातो. म्हणून पहिल्याच दिवशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि कोणता उपचार योजनेत बसतो ते विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. सावकाराकडे जाण्याआधी या दोन दारांवर जा.

नळी बसल्यावर

पहिला आठवडा जपायचा. छिद्राचा रस्ता अजून पक्का झालेला नसतो, नळी निसटली तर परत घालणे कठीण जाते. म्हणून भेटायला गेल्यावर रुग्णाला ओढून मिठी मारू नका, कूस बदलायची असेल तर सिस्टरला बोलवा.

आवाज गेला म्हणून घाबरू नका. हवा स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर जाते, म्हणून आवाज येत नाही. रुग्ण सुधारला की नळीला विशेष झडप लावून बोलता येते. तोपर्यंत पाटी-पेन्सिल किंवा मुलांचा बाराखडीचा तक्ता न्या. "हो असेल तर डोळे मिटा" एवढेही पुरते. त्याच्याशी बोलत राहा, त्याला ऐकू येते.

रुग्ण बरा झाला की नळी काढतात आणि छिद्र बहुतेक वेळा काही दिवसांत ते आठवड्यांत आपोआप भरून येते. नळीसह घरी पाठवत असतील तर बेडका ओढण्याचे मशीन, आतली नळी धुण्याची पद्धत आणि नळी निसटल्यास काय करायचे, हे सगळे स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. घरातल्या दोन माणसांनी शिकून घ्या. जादा नळी जवळ ठेवा. छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. चुलीचा, विडीचा आणि अगरबत्तीचा धूर त्या खोलीत नको. श्वास घरघरू लागला, ओठ निळे पडले किंवा छिद्रातून ताजे रक्त आले तर १०८ ला फोन करा.

ताईंना दिलेले उत्तर

त्या ताईंच्या पतीचे कागद आम्ही मागवून घेतले आणि त्यांच्यासोबत बसून वाचले. ज्या चार दिवसांत त्यांनी सही दिली नव्हती, त्यातल्या तीन दिवसांत प्लेटलेट फार खाली होत्या. सही असती तरी डॉक्टर थांबलेच असते, तसे कागदावर लिहिलेही होते. त्या चारही दिवसांत तोंडातल्या नळीतून हवा जात होती आणि एक्मो रक्तात प्राणवायू घालत होते. हवेचा रस्ता तोंडातून होता की गळ्यातून, एवढाच फरक होता. त्यांचे पती गेले ते जंतू रक्तात पसरल्यामुळे. छिद्र चार दिवस आधी झाले असते तरी त्यावर उपाय झाला नसता.

हे त्यांना तीन वर्षांपूर्वीच, त्या बाकड्यावर, दहा मिनिटे बसून कोणीतरी सांगायला हवे होते. कागदात सगळे होते. सांगणारे कोणी नव्हते.

ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे माझ्या सासूबाईंनाही सांगाल का?" दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि सासूबाईंसमोर तेच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले.